तेलाचं बोलणं

आमच्या घरी तळण करायचं असलं की आधी घराबाहेर पडावं लागतं. डॅलसच्या उत्तरेकडच्या एका उपनगरात आम्ही १९९४ पासून राहतो. लाकडी घर, बहुतेक वर्षभर बंद असणाऱ्या खिडक्या आणि छताला जागोजागी धुराचे अलार्म. इथल्या पहिल्या दिवाळीत मी स्वयंपाकघरात चकल्यांचा पहिला घाणा सोडला, आणि चकल्या वर येतात न येतात तोच सगळं घर कर्कश ओरडायला लागलं. नवरा खुर्चीवर चढून टॉवेलने वारा घालत होता, मी दारं उघडत होते आणि कढईतल्या चकल्या काळ्या पडत होत्या. तळणाचा वास पुढे महिनाभर गालिच्यात आणि कपाटातल्या कोटांत राहिला तो वेगळाच. तेव्हापासून आमची कढई मागच्या अंगणात गेली. इथली बरीच मराठी घरं असंच करतात. कुणी गॅरेजचं दार वर करून आत विजेची शेगडी मांडतं, कुणी अंगणात टेबल टाकतं. दिवाळीच्या आधी संध्याकाळी गल्लीतून चालताना एखाद्या कुंपणापलीकडून करंज्यांचा वास आला की आत आपलं माणूस राहतं हे पाटी न वाचता कळतं.

त्याच अंगणात वर्षातून एकदा, ऑक्टोबरातल्या एखाद्या रविवारी, मी ओरिओ बिस्किटं पिठात बुडवून तळते.

कुडाळच्या बहिणीला पहिल्यांदा फोनवर हे सांगितलं तेव्हा ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे बिस्किटांची भजी?" हो, बिस्किटांची भजी. याहून नेमकं नाव मला आजवर सुचलेलं नाही.

हा पदार्थ मुळात जत्रेतला. टेक्सासची ‘स्टेट फेअर’ १८८६ पासून भरते. सप्टेंबरचा शेवटचा शुक्रवार ते ऑक्टोबरचा मध्य ओलांडेपर्यंत, २४ दिवस. आपलं नवरात्र आणि दसरा बहुधा त्यातच येतात, एखाद्या वर्षी दिवाळीसुद्धा. जागा डॅलसचं फेअर पार्क. टेक्सासच्या शताब्दीसाठी १९३६ साली तिथे उभारलेल्या इमारती अजून आहेत, आणि त्यांच्या मधे काउबॉय टोपी घातलेला ‘बिग टेक्स’ नावाचा प्रचंड पुतळा हात आणि जबडा हलवत आल्यागेल्याला "हाऊडी, फोक्स!" म्हणत असतो. १९५२ पासून तो तिथे उभा राहतो. २०१२ च्या जत्रेत तो जळाला तेव्हा माझी चौदा वर्षांची लेक टीव्हीसमोर बसून रडली होती. पुढच्या वर्षी तो तीन फुटांनी वाढून, ५५ फुटी होऊन परत आला.

जत्रेत गायी, शेळ्या, डुकरं यांची प्रदर्शनं असतात, पाळणे असतात, आणि जिथे जाल तिथे तळणाचा वास असतो. खाण्यासाठी पैसे देऊन आधी कुपनं घ्यायची. फ्लेचर कुटुंब १९४२ पासून इथे काडीला टोचलेलं सॉसेज मक्याच्या पिठात बुडवून तळतंय. २००५ पासून तर जत्रेतल्या खाद्यपदार्थांची रीतसर स्पर्धा होते. एबल गोन्झालेस नावाच्या गृहस्थांनी २००६ साली कोका-कोला घातलेलं पीठ तळून बक्षीस मिळवलं आणि २००९ साली चक्क लोणी तळलं. हे ऐकून नाक मुरडणारी आपली माणसं मला पुष्कळ भेटतात. मला त्यांचं म्हणणं पटत नाही. आंगणेवाडीला भराडी देवीच्या जत्रेत आम्ही लहानपणी काय खायचो? कढईतून निघालेली कांदाभजी आणि आल्या-गुळाच्या पाकात घोळवलेलं बेसनाचं खाजं. तळलेलं गोड खाल्ल्याशिवाय जत्रा झाली असं आम्हाला वाटतच नसे. वर्षातून एकदा, देवीच्या किंवा बिग टेक्सच्या साक्षीने, माणसं घरी सहसा होत नाही ते खातात. त्याला जत्रा म्हणतात.

२००७ च्या जत्रेत लेकीने हट्टाने तळलेल्या ओरिओंचं कुपन घ्यायला लावलं. कागदाच्या होडीत पाच गोळे, वर पिठीसाखर. मी एक उचलला. बाहेरचं आवरण फुगीर, तांबूस. आतलं बिस्कीट कडकडीत लागेल या तयारीने चावले, तर दात थेट मऊपणात रुतले. आत बिस्कीट उरलंच नव्हतं. काळा, ओलसर, केकसारखा लगदा आणि त्यात वितळून गेलेलं क्रीम. पाळण्यांचा गडगडाट, जनरेटरची घरघर, पोरांची किंचाळी यांच्या मधे उभी असताना मला सुकरुंडा आठवला.

सुकरुंडे गोव्यात, कारवारात आणि आमच्या सिंधुदुर्गात करतात. चण्याची डाळ शिजवायची, गूळ आणि ओलं खोबरं घालून घट्ट होईपर्यंत आटवायची, वेलची घालून त्याचे लिंबाएवढे गोळे वळायचे. मग तांदळाच्या पिठात थोडा मैदा, चिमूट मीठ, चिमूट हळद घालून सरसरीत पीठ भिजवायचं, गोळे त्यात बुडवायचे आणि तळायचे. पुरणपोळीत पुरण पोळीला घट्ट धरून असतं. सुकरुंड्यात ते एका पातळ, कुरकुरीत घरात एकटं राहतं, आणि घर फुटलं की वाफेसकट बाहेर येतं. जत्रेतल्या त्या माणसाने बिस्किटावर तेच घर बांधलं होतं.

माझ्या आईसारखे सुकरुंडे मी कुठेच खाल्ले नाहीत, आणि ती ते जवळजवळ न बघता करायची. चाळिशी ओलांडल्यावर तिला काचबिंदू झाला. कळलं तेव्हा उशीर झाला होता. आधी बाजूचं दिसेनासं झालं, मग हळूहळू समोरचंही धुरकटलं. स्वयंपाक मात्र तिने कुणाच्या हाती दिला नाही. तांदळातले खडे ती बोटांनी काढी, आमटीचं मीठ वासावरून सांगे. हे दुसऱ्या बायकाही करत असतील. तळण ती कानाने करायची, आणि हे मी दुसऱ्या कुणाला करताना पाहिलेलं नाही. गोळे तेलात सोडले की चुलीशी स्वस्थ बसायची, मान किंचित डावीकडे कललेली, जणू शेजारच्या खोलीतलं कुणाचं तरी बोलणं ऐकतेय. मी घाई करून झारा घातला की म्हणायची, "काढू नको गो. तां अजून बोलता." थोड्या वेळाने म्हणायची, "आता गप झाला. काढ."

लहानपणी मला खरंच वाटायचं की तिला तेलातून शब्द ऐकू येतात. मी कढईजवळ कान नेऊन उभी राहायचे आणि तिचे धपाटे खायचे.

ओरिओसुद्धा आमच्या घरी सहज आलेलं नव्हतं. हे बिस्कीट १९१२ सालचं, न्यूयॉर्कच्या चेल्सी भागातल्या कारखान्यातलं. पिढ्यान्‌पिढ्यांचं अमेरिकन बालपण त्याच्यावर पोसलं. पण अनेक दशकं त्याच्या पांढऱ्या क्रीममध्ये लार्ड, म्हणजे डुकराची चरबी असे. आम्ही मासे-कोंबडी खाणारी माणसं, तरी डुकराची चरबी घरात येणं शक्य नव्हतं. नव्वदीच्या दशकात कंपनीने चरबी काढून वनस्पती तेल वापरायला सुरुवात केली, असं कानावर आलं होतं. पण मी दुकानात निळा पुडा हातात घ्यायचे, मागची बारीक अक्षरं वाचायचे आणि मनाची खात्री न पटल्याने परत ठेवायचे. नवऱ्याच्या ऑफिसात एक ज्यू सहकारी होते, पन्नाशीचे. त्यांच्या धर्मातही डुक्कर निषिद्ध. डिसेंबर १९९७ मध्ये ओरिओला कोशर, म्हणजे ज्यू आहारनियमांत बसणारं, अशी मान्यता मिळाली. त्यासाठी कारखान्यांतल्या भट्ट्या आगीने शुद्ध करून घ्याव्या लागल्या होत्या. नव्या वर्षात ते गृहस्थ आमच्याकडे जेवायला आले तेव्हा त्यांनी पुडा आणला, टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "आता आपण दोघेही खाऊ शकतो." शाळेत दुसऱ्या मुलांच्या डब्यात बघत आलेलं ते बिस्कीट ते अगदी सावकाश खात होते. मीही त्या दिवशी पहिल्यांदा खाल्लं. त्याच वर्षी आमची लेक जन्मली. तिच्यासाठी ओरिओ हे नेहमीच घरातलं बिस्कीट होतं.

२००७ च्या त्या जत्रेहून आल्यावर लेक मागे लागली, आपण घरी करू. मी कृती शोधली. इथे सगळे पॅनकेकचं तयार पीठ घेतात, त्यात दूध, अंडं आणि चमचाभर तेल. पहिल्या रविवारी मी बिस्किटं पुड्यातून काढून तशीच पिठात बुडवून सोडली. क्रीम वितळून बाहेर पळालं आणि तेल काळं झालं. पुढच्या रविवारी बिस्किटं चार तास फ्रीझरमध्ये ठेवली. आता क्रीम जागेवर राहिलं, पण गुळगुळीत बिस्किटावर पीठ ठरेना, एका बाजूने ओघळून जाई. पीठ दाट केलं तर मिनिटाभरात बाहेरून सुरेख बदामी रंग यायचा आणि फोडलं की आत कच्चं, चिकट पीठ. तयार पिठात साखर असते, दुधातही असते, आणि साखर तेलात फार लवकर रंग धरते. रंग बघून काढणारी मी दर वेळी फसत होते. मी थर्मामीटर आणला. कृतीत लिहिलेले ३७५ अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण १९० अंश सेल्सिअस, काटेकोर सांभाळले. तरी पाचातले दोन कच्चे निघत.

त्यानंतर आई आली. २००८ च्या सप्टेंबरात, तिची पहिली आणि शेवटची अमेरिकावारी. तेव्हा तिला उजेड-अंधार आणि माणसाची आकृती एवढंच कळत होतं. त्या वर्षी नवरात्र आणि जत्रा एकाच वेळी होती. आम्ही तिला जत्रेत नेलं. गर्दीत तिने माझा हात घट्ट धरला होता आणि बिग टेक्सचा आवाज कुठून येतो ते कळेना म्हणून ती सारखी मान वर करत होती. तळलेल्या ओरिओंच्या टपरीसमोर आम्ही रांगेत उभ्या राहिलो. तिने बराच वेळ कान दिला. मग म्हणाली, "हंय तेल आयकाक येना." खरंच येत नव्हतं. मागे जनरेटर, पुढे स्पीकरवरची गाणी. आत उभा असलेला मुलगा घड्याळाची बेल वाजली की जाळी उचलत होता. तिने खाल्लं, चांगलं म्हणाली, आणि घरी येताना गाडीत विचारलं, "ह्यां घरी करूक येता?"

आई नवरात्रात उठता-बसता, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या दिवशीच, उपास करायची, पण नऊही दिवस अंडं वर्ज्य. म्हणून त्या रविवारी पीठ तिने सांगितलं तसं झालं: पाऊण वाटी मैदा, पाव वाटी तांदळाचं पीठ, दोन चमचे साखर, चिमूट मीठ, अगदी चिमूट खायचा सोडा आणि लागेल तसं दूध. सुकरुंड्याच्याच वळणाचं पीठ, मैदा वाढवून आणि हळद वगळून. ते बोटावर घेऊन ती उलटसुलट करत होती. बोटाची रेष झाकली जाईल पण नखाच्या टोकाशी थेंब लोंबेल, इतपत दाट. मग म्हणाली, बिस्किटं आधी कोरड्या पिठात घोळव. गुळगुळीत अंगाला कोरडं पीठ लागलं की त्याला ओलं पीठ धरतं. इतके रविवार मला हे सुचलं नव्हतं. फ्रीझरमधून काढलेल्या बिस्किटांवरचं दव तिने जुन्या सुती साडीच्या तुकड्याने एकेक करून पुसलं. पाण्याचा थेंब तेलात गेला की काय होतं हे तिच्या मनगटावरच्या जुन्या डागांना माहीत होतं.

शेजारच्या घरातल्या टेक्सासी गृहस्थांनी उत्साहाने त्यांची गॅसची शेगडी आणून दिली. थँक्सगिव्हिंगला ते तिच्यावर आख्खा टर्की तळतात, तोही अंगणात, तोही शेंगदाण्याच्या तेलात. शेगडी पेटवली आणि तिने विमानासारखी घोंघों सुरू केली. आई खुर्चीतून म्हणाली, "तां बंद कर. माका काय आयकाक येना." मी संकोचत बंद केली आणि आपली विजेची शेगडी लावली. शेजाऱ्यांना कारण सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. कुंपणाला टेकून, हाताची घडी घालून, तेही ऐकत उभे राहिले.

लोखंडी कढई विजेवर तापायला वेळ लागतो. आईने पिठाचा थेंब टाकायला सांगितला. तळाशी बसून सावकाश वर आला. अजून नाही, म्हणाली. दुसरा टाकला तो पडताक्षणी तडतडत वर आला. मी थर्मामीटर बघितला. १८८ अंश होते.

एका वेळी चारच सोडायचे, असं तिने बजावलं. जास्त सोडले तर थंडगार बिस्किटांनी तेल निवतं. मी चार सोडले. कढई खळखळून उठली. अर्ध्या-पाऊण मिनिटात रंग आला, सुरेख आला, आणि माझा झारा आपोआप पुढे झाला.

"काढू नको गो. तां अजून बोलता."

मी थांबले. उलटले. मग, इतकी वर्षं नुसतंच कानावर पडलेलं, पहिल्यांदा खरं ऐकलं. सुरुवातीची ती मोठी, भरलेली खळखळ उतरत उतरत बारीक होत होती. पावसाची सर ओसरताना पत्र्यावरचा आवाज उतरतो तसा. मग थेंब-थेंब. मग नुसती कुजबूज. "आता," आई म्हणाली. मी काढले. एकही कच्चा निघाला नाही, त्या घाण्यातला नाही आणि पुढच्या घाण्यांतलाही नाही.

पुढे मी याबद्दल वाचलं तेव्हा कळलं की आई जे ऐकत होती ते खरोखरच कुणाचं तरी बोलणं होतं: पाण्याचं. तेल १८०-१९० अंशांवर असतं आणि पाणी १०० अंशांनाच उकळतं. ओलं पीठ तेलात पडलं की त्यातलं पाणी वाफ होऊन बाहेर धाव घेतं. कढईतले बुडबुडे तेलाचे नसतात, त्या वाफेचे असतात, आणि आवाजही तिचाच. वाफ जोराने बाहेर येते तोवर ती तेलाला आत शिरू देत नाही. तेल कोमट असलं तर वाफेत जोर नसतो आणि पदार्थ तेल पितो. पिठातलं पाणी संपत आलं की बुडबुडे बारीक होतात आणि आवाज पातळ होतो. वरचा रंग साखरेचा असू शकतो, फसवा असू शकतो. आत ओल किती उरली आहे ते आवाज सांगतो. आणि बिस्किटाचं असं, की ते म्हणजे भाजून भाजून पाणी काढून टाकलेलं पीठच. त्याला ओल्या पिठाचं पांघरूण मिळालं की बाहेर न पडू शकलेली वाफ ते पिऊन घेतं आणि पुन्हा मऊ होतं. ओव्हनमधून निघाल्यापासून जे कोरडं होतं, ते दोन-तीन मिनिटांत ओलं होऊन जातं.

आणखी एक गोष्ट वाचली. तळणीत तेल जेवढं आत शिरतं त्यातलं बरंचसं पदार्थ बाहेर काढल्यावर शिरतं. आतली वाफ निवून आकसते आणि अंगावरचं तेल आत ओढून घेते. आई झारा कढईवरच तिरका धरून दोन झटके द्यायची, मगच पदार्थ चाळणीत, तोही आडवा न ठेवता उभा टेकवून. तिला आकसणाऱ्या वाफेबद्दल कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या आईने झटके द्यायला सांगितले होते, आणि त्या आईला आणखी कुणीतरी.

त्या संध्याकाळी चोवीस ओरिओ तळून झाले. शेजाऱ्यांनी सहा खाल्ले. आई शेवटचा घाणा होईपर्यंत थांबली. मग हातावर एक घेऊन, फोडून, आधी वास घेतला. "भितूर काय हा ता माका कळूक नाय," म्हणाली, "पण भायलां आमचाच." बाहेरचं आपलंच आहे.

ती २०१६ साली गेली. कुडाळच्या घरातली तिची कढई बहिणीकडे आहे. मी इथे ऑक्टोबरातल्या एखाद्या रविवारी त्याच पिठाने ओरिओ तळत राहिले. आधीची काही वर्षं लेक शेजारी उभी असायची. ती सोडायची, मी ऐकायचे. नंतर ती कॉलेजला गेली, मग नोकरीला शिकागोला. घरात आम्ही दोघंच उरलो तेव्हा चोवीसऐवजी आठ तळायला लागले. आठ ओरिओंसाठी एवढं तेल तापवणं हिशेबात बसत नाही, हे मला कळतं. पण एका वर्षी केलं नाही तेव्हा ऑक्टोबर संपल्यासारखाच वाटला नाही.

गेल्या वर्षी ऑक्टोबरात लेकीचा व्हिडिओ कॉल आला. तिसऱ्या मजल्यावरचं छोटं घर, शिकागोची थंडी असूनही दोन्ही खिडक्या सताड उघड्या, छतावरच्या अलार्मला प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली. ती तेवढी मी तिला आधी काढायला लावली. तिचे दोन मित्र मागे उभे होते. ओट्यावर पीठ, कोरडं पीठ, पुसलेली बिस्किटं, सगळं बरोबर मांडलेलं. कढई नव्हती. जाड बुडाच्या खोलगट पातेल्यात तेल होतं.

"आई, सोडले. रंग आला. काढू?"

"फोन जवळ धर," मी म्हणाले. "मला ऐकू दे."

तिने फोन पातेल्याजवळ नेला. पडद्यावर बुडबुडे दिसत होते, झगझगीत, दाट. आवाज मात्र नाहीसा झाला होता. मला आधी वाटलं फोन बिघडला. मग लक्षात आलं. हे फोन माणसाचा आवाज पुढे पाठवतात आणि मागचा सगळा आवाज गोंगाट समजून पुसून टाकतात. पंखा, पाऊस, रहदारी. तेलही त्यातच. मी आवाज पूर्ण वाढवला, कानाला लावला. डॅलसमध्ये मला काहीही ऐकू येत नव्हतं.

"मला येत नाही ऐकू," मी म्हणाले. "तुझं तू ऐक."

तिने मागे वळून मित्रांना काहीतरी सांगितलं. पंखा बंद झाला, गाणं बंद झालं. ती वाकली. पडद्याच्या कोपऱ्यात तिचा अर्धाच चेहरा दिसत होता आणि मान किंचित डावीकडे कलली होती. मी काही बोलले नाही. पंधरा सेकंद गेले असतील, वीस गेले असतील.

"तां अजून बोलता," ती म्हणाली.